बायको-लेकीला सोडून पळालेल्या एका हेरानं जगाला चूल पेटवायला शिकवलं

रील्स बघताना तुमच्याही समोर असा एखादा व्हिडिओ आला असेल. अमेरिकेतल्या कुठल्यातरी गावात, गोठ्यात नाहीतर तळघरात वर्षानुवर्षं पडलेली एक बिडाची चूल. चूल म्हणजे आपल्यासारखी तीन दगडांची नाही, तर चांगली कपाटाएवढी. वर भांडी ठेवायला गोल झाकणं, खाली ओव्हन, बाजूला जळण टाकायचं दार. सगळी गंजून लाल झालेली. दोन-तीन गडी ती ओढून बाहेर काढतात, एकेक भाग सुटा करतात, तारेच्या ब्रशनं गंज घासतात, सांध्यांमध्ये भट्टीचं सिमेंट भरतात, वरून ग्रॅफाइटचं काळं पॉलिश मारतात आणि शेवटी त्यात लाकडं घालून ब्रेड भाजून दाखवतात.

बघायला लय भारी वाटतं. पण ज्यांना हे काम खरंच जमतं ते लोक गंजाला फारसे घाबरत नाहीत. गंज घासला की निघतो. ते आधी बॅटरी घेऊन आत डोकावतात. जळणाच्या कप्प्याला तडा गेलाय का, खालची जाळी वितळून वाकलीये का, झडपा हलतात का आणि ओव्हनच्या भोवतीची धुराची वाट राखेनं तुंबलीये का, हे आधी तपासतात. कारण ही वाट तुंबली असेल तर बाहेरून कितीही चकाचक केली तरी ती चूल म्हणजे शोभेची वस्तू. पेटवली की घरभर धूर.

आता प्रश्न असा की चुलीत धुराला एवढी गोल वाट कशाला? सरळ वर सोडून द्यायचा ना.

या प्रश्नाचं उत्तर शोधण्यात एका माणसानं आयुष्यातली कित्येक वर्षं घातली. हा माणूस सैनिक होता, हेर होता, मंत्री होता, शास्त्रज्ञ होता आणि ज्यांच्याशी त्याचं जवळचं नातं होतं त्यांच्यासाठी मोठा वैताग होता.

त्याचं नाव बेंजामिन थॉम्पसन. जग त्याला ओळखतं काउंट रमफोर्ड म्हणून.

थॉम्पसनचा जन्म 26 मार्च 1753 चा. गाव अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्समधलं वूबर्न. तेव्हा अमेरिका हा देश नव्हता, तिथं इंग्रजांच्या वसाहती होत्या. घर शेतकऱ्याचं. बाप तो लहान असतानाच गेला, आईनं दुसरं लग्न केलं. पोरगं तेराव्या वर्षी सेलम नावाच्या बंदराच्या गावात एका व्यापाऱ्याच्या दुकानात कामाला लागलं. पण दुकानात त्याचं मन लागेना. फटाके तयार करायचे, यंत्रं खोलून बघायची, ग्रहणाचे हिशोब मांडायचे, हे त्याचे उद्योग. एकदा फटाक्याची दारू कुटताना भडका उडाला आणि गडी चांगलाच भाजला.

आगीशी झालेली ही त्याची पहिली गाठ.

पुढं तो न्यू हॅम्पशायरमधल्या काँकर्ड गावात शिक्षक म्हणून गेला. या गावाचं जुनं नाव रमफोर्ड. हे नाव लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे. गावात सारा वॉकर रोल्फ नावाची एक श्रीमंत विधवा होती, त्याच्यापेक्षा बऱ्याच वर्षांनी मोठी. 1772 मध्ये दोघांचं लग्न झालं. नवरदेव होता 19 वर्षांचा. कालपर्यंत दुकानात काम करणारा पोरगा एका फटक्यात जमीनदार झाला. बायकोच्या ओळखीतून गव्हर्नरपर्यंत पोहोचला आणि गव्हर्नरनं त्याला थेट मेजर करून टाकलं. 1774 मध्ये मुलगी झाली, तिचं नावही साराच.

पण हा काळ वाईट होता. अमेरिकेतल्या लोकांनी इंग्रजांविरुद्ध उठाव करायचं ठरवलं होतं आणि थॉम्पसन उघड उघड गव्हर्नरचा माणूस होता. गावात कुजबुज सुरू झाली. एक दिवस जमाव त्याच्या दारात आला, पण हा पठ्ठ्या त्याआधीच घोड्यावर बसून पसार झाला होता. बायको आणि तान्ही पोर मागंच राहिली.

लोकांचा संशय खोटा होता का? अजिबात नाही. 1775 च्या मे महिन्यात त्यानं बॉस्टनमध्ये इंग्रजांकडं एक पत्र पाठवलं. वरवर साधं पत्र, पण ओळींच्या मधल्या जागेत अदृश्य शाईनं बंडखोरांच्या सैन्याची खबर लिहिलेली. त्याच्या हयातीत ही भानगड बाहेर आली नाही. पत्राचा खरा उलगडा झाला तो 20 व्या शतकात.

1776 मध्ये इंग्रजांनी बॉस्टन सोडलं आणि थॉम्पसन लंडनला गेला. बायकोची आणि त्याची पुन्हा भेट झालीच नाही.

लंडनमध्ये त्यानं वसाहतींचं खातं सांभाळणाऱ्या लॉर्ड जर्मेन या मंत्र्याची मर्जी मिळवली आणि काही वर्षांत उपसचिव झाला. सोबत बंदुकीच्या दारूवर प्रयोगही चालू होते. त्याच्या जोरावर 1779 मध्ये रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. वय 26.

युद्धाच्या शेवटी तो सैन्याची तुकडी घेऊन परत अमेरिकेत आला आणि लाँग आयलंडवरच्या हंटिंग्टन गावात त्यानं छावणी टाकली. किल्ला कुठं बांधावा? तर गावाच्या दफनभूमीत. थडग्यांचे दगड उपटून त्यानं सैनिकांसाठी भट्ट्या बांधल्या. त्या भट्टीतून निघणाऱ्या पावांवर मेलेल्या माणसांची नावं उलटी उमटलेली असायची, असं त्या गावात आजही सांगतात.

स्वयंपाकघरातला धूर कमी करणाऱ्या माणसाच्या नावावर हीसुद्धा एक भट्टी आहे. हे विसरून चालत नाही.

युद्ध संपलं, इंग्रज हरले. राजानं 1784 मध्ये त्याला सर ही पदवी दिली आणि तो नशीब काढायला युरोपात निघाला. बव्हेरियाचा शासक कार्ल थिओडोर त्याच्यावर खूश झाला. सर बेंजामिन म्युनिकला राहायला गेले आणि बघता बघता तिथलं सैन्य, पोलीस असा निम्मा कारभार त्यांच्या हातात आला.

इथून खरी चुलीची गोष्ट सुरू होते.

बव्हेरियाचे सैनिक अर्धपोटी होते, कपडे फाटके होते. म्युनिकमध्ये भिकाऱ्यांचा सुळसुळाट झाला होता. थॉम्पसननं डोकं लावलं. शहरात कारखाना उभा करायचा, भिकाऱ्यांना काम द्यायचं, त्यांच्याकडून सैन्याचे कपडे शिवून घ्यायचे आणि बदल्यात जेवण द्यायचं. 1 जानेवारी 1790 ला, म्हणजे नववर्षाच्या दिवशी भिकारी हमखास रस्त्यावर असणार हे हेरून, त्यानं सैन्य लावून त्यांची धरपकड केली. आजच्या हिशोबानं ही जबरदस्तीच होती. पण धरलेल्यांना तुरुंगात न टाकता गरम खोली, काम आणि पोटभर अन्न देण्यात आलं.

आता अडचण आली. रोज हजारेक लोकांना जेवू घालायचं तर खर्च आवाक्यात राहायला हवा. त्यानं स्वस्त सूप शोधलं. बार्ली, वाटाणे, बटाटे, मीठ, थोडं व्हिनेगर, शिळ्या ब्रेडचे तुकडे आणि भरपूर पाणी. तिथले लोक तेव्हा बटाट्याला नाकं मुरडायचे, म्हणून सुरुवातीला बटाटे ओळखू येणार नाहीत इतके शिजवून, लपवून घातले. हे रमफोर्ड सूप पुढं युरोपभर गरिबांच्या अन्नछत्रांत पोहोचलं.

सूप स्वस्त झालं, पण ते शिजवायला लागणारी लाकडं महाग होती.

तेव्हाचं युरोपातलं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणा. भिंतीत खोलीएवढं मोठं धुराडं, खाली उघड्यावर ओंडके पेटलेले, वर आकड्याला भांडं टांगलेलं. आगीची बहुतेक ऊब थेट धुराड्यातून आभाळात. उरलेली स्वयंपाक करणाऱ्याच्या तोंडावर. भांड्याला मिळायची ती सगळ्यात कमी. धूर डोळ्यांत जायचा तो वेगळाच.

आपल्याकडं ज्यांनी आजीला फुंकणीनं चूल फुंकताना बघितलंय, त्यांना हे वेगळं सांगायची गरज नाही.

थॉम्पसननं जे केलं ते त्याआधी फारसं कुणी केलं नव्हतं. त्यानं चूल मोजली. ठरावीक पाणी उकळायला किती लाकूड लागतं, उघड्या आगीवर किती आणि बंद आगीवर किती, याची त्यानं वजनं करून टिपणं काढली. आणि मग सैन्याची, कारखान्यांची, इस्पितळांची, सरदारांची स्वयंपाकघरं नव्यानं बांधायला घेतली. इटलीतल्या वेरोना शहरातल्या दोन इस्पितळांची स्वयंपाकघरंही त्यानं बदलून दिली.

त्याचे नियम सोपे होते. पहिला, आग उघडी ठेवायची नाही, विटांच्या कप्प्यात बंद करायची. दुसरा, जळण जाळीवर ठेवायचं, म्हणजे राख खाली पडते आणि हवा खालून वर येते. तिसरा, हवेच्या वाटेला दार ठेवायचं. दार उघडलं की आग भडकते, लावलं की मंदावते. चौथा, गरम धूर लगेच सोडायचा नाही. त्याला भांड्याच्या किंवा ओव्हनच्या भोवती फिरवायचं, त्याच्यातली उष्णता काढून घ्यायची आणि मगच धुराड्यात सोडायचं. पाचवा, प्रत्येक भांड्याला त्याच्या मापाची वेगळी छोटी आग.

अजून डोक्यात बसत नसेल तर आपला तांब्याचा बंब आठवा. मधल्या नळीत विस्तव, खाली जाळी, भोवती पाणी. आग बंद, हवा खालून, धूर वरून आणि जाता जाता नळीच्या भिंतीतून पाणी तापतंय. मूठभर ढलप्यांवर बादल्याच्या बादल्या पाणी कसं तापतं, याचं उत्तर तेच आहे.

अजून एक गोष्ट तो लोकांना कळकळीनं सांगायचा. पाणी एकदा उकळलं की खाली कितीही जाळ केला तरी ते आणखी गरम होत नाही, नुसती वाफ होते. म्हणजे भांडं खळखळ उकळत ठेवणं म्हणजे लाकूड फुकट घालवणं. गॅस बारीक करायला सांगणारी आई आणि काउंट रमफोर्ड यांचं म्हणणं एकच.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर बंद चूल त्यानंच पहिल्यांदा काढली असं नाही. म्युनिकच्याच निम्फेनबुर्ग राजवाड्याच्या आवारात फ्रान्स्वा क्युव्हिलिए या वास्तुकारानं साधारण पन्नास वर्षं आधी तशी चूल बांधली होती. पण ती एका महालापुरती राहिली. रमफोर्डनं कारण शोधलं, आकडे मांडले, नकाशे काढले आणि सगळं छापून टाकलं. पेटंट घेतलं नाही. कुणीही वाचावं आणि बांधावं.

1791 मध्ये त्याला पवित्र रोमन साम्राज्याचा काउंट करण्यात आलं. पदवीसाठी गावाचं नाव निवडायचं होतं. सगळा युरोप समोर असताना त्यानं नाव घेतलं रमफोर्ड. जिथून तो रात्रीत पळाला, जिथं बायको-लेकीला सोडलं, त्या गावाचं जुनं नाव. पुढच्याच वर्षी त्याची बायको वारली.

1795 मध्ये तो लंडनला आला तेव्हा शहर धुरानं काळवंडलं होतं. त्यानं घराघरांतल्या शेकोट्यांची तोंडं अरुंद केली, बाजूच्या भिंती तिरप्या केल्या. धूर वर जायला लागला आणि ऊब खोलीत यायला लागली. श्रीमंतांमध्ये रमफोर्ड करून घ्यायची फॅशनच आली. ती एवढी, की जेन ऑस्टिनच्या नॉर्थँगर ॲबी या कादंबरीतही रमफोर्डची शेकोटी आलीये.

1798 मध्ये त्यानं विज्ञानाला धक्का दिला. म्युनिकच्या शस्त्रशाळेत तोफेच्या नळीला भोक पाडताना धातू प्रचंड तापतो हे त्यानं बघितलं होतं. तेव्हा शास्त्रज्ञ मानायचे की उष्णता हा एक अदृश्य पदार्थ आहे, कॅलरिक नावाचा. रमफोर्डनं तोफेचा धातू पाण्यात बुडवला, घोडे जुंपून बोथट हत्यारानं घासायला लावला आणि अडीच तासांनी ते पाणी उकळलं. आग कुठंच नव्हती. घासत राहू तोवर उष्णता निघतच राहते, मग ती पदार्थ कशी असेल? ती गती असली पाहिजे, असं त्यानं मांडलं. पुढं 19 व्या शतकात हेच खरं ठरलं.

1799 मध्ये त्यानं लंडनमध्ये रॉयल इन्स्टिट्यूशन सुरू करण्यात पुढाकार घेतला आणि 1801 मध्ये तिथं हम्फ्री डेव्ही नावाचा तरुण आणला. याच डेव्हीनं पुढं मायकल फॅरेडेला हाताशी घेतलं. त्याआधी रमफोर्डनं रॉयल सोसायटीला पैसे देऊन उष्णता आणि प्रकाशावरच्या कामासाठी एक पदक सुरू केलं होतं. पहिलं पदक कुणाला मिळालं? त्यालाच.

बाहेर एवढं चाललं असताना घर मात्र कधी जमलं नाही.

मुलगी सारा 1796 मध्ये त्याला भेटायला लंडनला आली. सोडून गेला तेव्हा तान्ही होती, आता विशी ओलांडलेली. बापलेकीचं कधी जमायचं, कधी बिनसायचं. 1805 मध्ये त्यानं पॅरिसमध्ये दुसरं लग्न केलं, मारी-ॲन लाव्हाझिए हिच्याशी. फ्रेंच राज्यक्रांतीत गिलोटिनवर गेलेल्या थोर रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएची ती विधवा. मजा बघा, कॅलरिक हे नाव रूढ करण्यात लाव्हाझिएचाच हात होता.

हे लग्न चार वर्षं टिकलं. तिला घरात पाहुणे हवेत, याला शांतता हवी. एकदा यानं तिच्या पाहुण्यांसाठी फाटकच बंद करून टाकलं, तर तिनं रागानं त्याच्या आवडत्या फुलझाडांवर उकळतं पाणी ओतलं. 1809 मध्ये दोघं वेगळी झाली. 21 ऑगस्ट 1814 ला पॅरिसजवळच्या ओतेय इथं रमफोर्ड वारला. वय 61. त्यानं हार्वर्ड विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून तिथं त्याच्या नावाचं अध्यासन सुरू झालं.

मग बिडाची चूल कुठून आली?

रमफोर्डची चूल विटांची होती, भिंतीत बांधायची. लोखंड होतं ते ओव्हनपुरतं आणि दारा-झडपांपुरतं. छावणीला, इस्पितळाला ती ठीक, पण साध्या घराला मोठी आणि महाग. अमेरिकेत श्रीमंतांनी ती बांधून घेतली. पोर्ट्समथमधल्या रंडलेट-मे हाऊस या 1807 च्या घरात त्याचा ओव्हन आजही बघायला मिळतो. आणि ज्या सेलममध्ये तो पोरवयात दुकानात राबला, तिथल्या गार्डनर-पिंग्री हाऊसमध्येही.

पुढची पायरी कारागिरांनी गाठली. बंद आग, जाळी, झडप आणि फिरता धूर, हे सगळं त्यांनी ओतीव लोखंडात उतरवलं. चूल बाजारातून विकत आणायची वस्तू झाली. फिलो स्टुअर्ट नावाच्या मिशनऱ्यानं 1834 मध्ये ओबर्लिन चुलीचं पेटंट घेतलं आणि न्यूयॉर्क राज्यातली ऑल्बनी आणि ट्रॉय ही गावं चुली ओतण्यासाठी प्रसिद्ध झाली. रील्समध्ये दिसणाऱ्या चुली याच खानदानातल्या.

म्हणून त्या चुलीत धुराला गोल वाट असते. पेटवताना ओव्हनची झडप उघडी ठेवतात, धूर सरळ वर जातो आणि आग धरते. आगीनं जोर धरला की झडप लावतात. मग धूर ओव्हनच्या डोक्यावरून, बाजूनं आणि पोटाखालून फिरून धुराड्यात जातो, आणि ओव्हन सगळीकडून तापतो. याच वाटेत राख साठते. बीड टणक असलं तरी अचानकच्या तापानं तडकतं, म्हणून दुरुस्त केलेल्या चुलीत पहिल्या दिवशी मोठा जाळ करत नाहीत. आधी बारीक आग, मग हळूहळू वाढवायची.

ही फक्त जुन्या हौसेची गोष्ट आहे असं वाटेल, पण तसं नाही. आजही जगात दोनशे कोटींच्या आसपास लोक उघड्या चुलीवर किंवा धूर ओकणाऱ्या शेगडीवर स्वयंपाक करतात आणि तो धूर मुख्यतः बायका आणि लहान मुलांच्या छातीत जातो. आपल्याकडं सरकारनं 1983 मध्ये सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला होता. लाखो चुली बसल्या. पण पुढं अनेक घरांत पाइप तुंबले, चुली फुटल्या, दुरुस्त करायला कुणी फिरकलं नाही आणि बायका परत तीन दगडांवर आल्या. चूल बांधून देणं सोपं असतं, ती टिकवणं अवघड. जुनी चूल दुरुस्त करणारा माणूस रंगाच्या आधी धुराची वाट का बघतो, ते इथं कळतं.

राहता राहिली सारा. वडिलांची काउंटेस ही पदवी तिला मिळाली होती, पण तिनं लग्न केलं नाही. युरोपात राहून शेवटी ती काँकर्डला परतली आणि 1852 मध्ये आपल्या जन्माच्या घरातच वारली. जाताना तिनं पैसे ठेवले ते गावातल्या निराधार मुलींच्या आश्रमासाठी.

बापानं जगाच्या चुली नीट केल्या. त्याच्या स्वतःच्या घराचं जे करायचं राहिलं होतं, त्यातलं थोडंफार शेवटी त्या लेकीनं केलं.